अनुदान फुकटचं नसतं
वर कुणीतरी म्हटलंय की झाडं लावायचं अनुदान म्हणजे फुकटचे पैसे, तर एकदा आमच्या वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) येऊन बघा. 1990 साली रोहयोतून (रोजगार हमी योजनेतून) फळबाग लागवड सुरू झाली, 100 टक्के अनुदान होतं, आजोबांनी कातळाच्या कडेला काजू लावले नि त्या बियांवर आमचं घर चाललं हे खरंच आहे. पण आता राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत पैसे तीन वर्षांत 50-30-20 टक्के असे येतात, म्हणजे आधी सगळं आपल्या खिशातून, आणि पुढचा हप्ता कलमं जगली तर. शिमग्यानंतर वणवा आला, वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीच्या दोन ओळी काळ्याठिक्कर, हप्ता बोंबलला (गवत वेळेत कापलं नव्हतं, चूक आमचीपण). कोकणात 10 हेक्टरपर्यंत मिळतं ते ठीक, पण सातबारावर 14 नावं, त्यातली नऊ मुंबईत, एका काकांची सही गणपतीला आले तरच! ज्याचा सातबारा एकट्याचा नि गाठीला चार पैसे त्यालाच योजना झेपते, बाकीचे त्याच्याच बागेत खड्डे मारायला मजुरीवर.