सहाच महिने तर जायचंय

(सातारा, मंगळवार पेठेतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. शनिवार रात्र ते रविवार दुपार.)

कदम वहिनी, ३०२: नमस्कार. सोसायटीचा विषय नाही, सेक्रेटरी साहेबांची आधीच माफी मागते. आमच्या मुलीला कंपनीने सहा महिने ट्रेनिंगला मुंबईला बोलावलंय. ऑफिस अंधेरीत, चकाल्याला. एक तारखेला हजर व्हायचंय. पीजी बघावं की दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी? सहाच महिने तर जायचंय, म्हणून काहीच सुचेना. ज्यांची मुलं राहिलीत त्यांनी सांगा.

सेक्रेटरी, १०४: मुलीचं अभिनंदन! विषय चालेल. फक्त माझा वरचा मेसेज बुडू देऊ नका. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी ७ ते ११ पाणी बंद.

ओंकार, ४०१ (सध्या हिंजवडी): काकू, पीजी. डोळे झाकून. फ्लॅटला डिपॉझिट, वर एजंटाला एक महिन्याचं भाडं. सहा महिन्यांसाठी कोण देतंय? ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं करतात आणि त्यात लॉक-इन घालतात. माझं पहिल्या वर्षी चौथ्या महिन्यात प्रोजेक्ट बदललं, खोली सोडली, तर मालकाने रंगाचे म्हणून १२ हजार कापले. मी भिंतीला एक खिळा मारला नव्हता. मारायची परवानगीच नव्हती. टॉवेल दाराच्या कडीला.

जोशी काका, २०२: ओंकार, करार न वाचता सही केलीस ना? वहिनी, खोली घेतलीत तर 'लिव्ह अँड लायसन्स' नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, मालकाला उलटं सिद्ध करावं लागतं. ११ महिनेच पाहिजेत असं कायद्यात कुठंही नाही, ६ महिन्यांचाही होतो. आता घरबसल्या ऑनलाइन होतं. पीजीवाले यातलं काही करत नाहीत, निदान डिपॉझिटची पावती तरी मागा.

ओंकार, ४०१: काका, मालकाला कलम ५५ सांगितलं तर तो खोलीच देत नाही 😄

जोशी काका, २०२: मग ती खोली घेऊ नये.

ओंकार, ४०१: मग शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला विनाथांबाच्या रांगेत या, तिथे अशीच खोली घेतलेले अर्धे सातारकर भेटतील.

साळुंखे, ३०३: पण मी म्हणतो, मुलीला एकटीला एवढ्या लांब पाठवायचीच कशाला? पुण्यात नाही का मिळणार काही?

कदम वहिनी, ३०२: भाऊजी, ते ठरलंय. प्रश्न राहायचा आहे.

माने काकी, १०१: वहिनी, मी सांगते. मोठं होणार आहे, थांबत थांबत लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे, गेल्या वर्षी यांच्यासाठी आम्ही परळला होतो. टाटाला. ३३ वेळा किरण घ्यायचे होते, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे साधारण दीड महिना. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, पेशंटांची फार सोय होते तिथं. पण आमचा नंबर लागेना, म्हणून पहिले दिवस डोंबिवलीला भाच्याकडे राहिलो. तिथून रोज परळ. आठवड्याने कुणीतरी सांगितलं की दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं. तोवर आम्ही साध्या डब्यात लोंबकळत होतो.

त्यातलाच एक दिवस. यांना गाडीतच उलटी झाली. मला वाटलं आता लोक ओरडणार. ऑफिसला निघालेली एक मुलगी, नीट इस्त्रीचे कपडे, तिने आपली पाण्याची बाटली दिली, ओढणी काढून दिली आणि म्हणाली, राहू द्या काकू. दादरला उतरून गेली. नाव विचारायलाही जमलं नाही. ओढणी माझ्या कपाटात आहे अजून.

मग परळलाच खोली घेतली. आता तुमच्या मुलीला कळेल बघा, तिकडे पहिला प्रश्न एकच असतो. किती दिवसांसाठी? एजंट तेच, मालकीण तेच, दूधवाला तेच. दीड महिना म्हटलं की समोरच्याचा चेहरा मिटतो. दुकानदार खातं मांडत नाही. शेजारीण हसायची, पण ओळख वाढवायची नाही, कारण आम्ही जाणारच होतो. तिचं नाव मला कळलं ते निघायच्या दिवशी. राग येत नव्हता, पण दुपारी दोन ते पाच भिंतीकडे बघत बसणं म्हणजे काय ते तिथं कळलं.

पण एक सांगू का? कुणी ग्रुपवर राग मानू नका. तिथं कुणी विचारायचं नाही काय झालंय म्हणून. इथं पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जाईस्तोवर सहा जण थांबवतात, केस का गेले, कुठला स्टेज, आमच्या चुलत्यांचंही असंच होतं, ते गेले. तिकडे यांना डोक्याला रुमाल न बांधता फिरता आलं. संध्याकाळी आम्ही दोघं मैदानात जाऊन भेळ खायचो. लग्नाला ३१ वर्षं झाली, साताऱ्यात कधी अशी भेळ खाल्ली नाही.

माने काकी, १०१: आणि तव्याचं राहिलं. दीड महिन्यासाठी काय भांडी घ्यायची, म्हणून कोपऱ्यावरून पातळ पत्र्याचा तवा आणला. भाकरी कडेनं करपायची, मधे कच्ची. यांना तर गिळवत नव्हतं, दुधात कुस्करून द्यायची तर भाकरी धड पाहिजे ना. रोज वाटायचं, आता थोडेच दिवस राहिले. असे १६ दिवस काढले. शेवटी पुतण्याने इथला लोखंडी तवा एसटीने आणून दिला. त्या दिवशी आमचं बिऱ्हाड लागलं.

सावंत वहिनी, २०४: काकी 🙏 हे सगळं आम्हाला माहीतच नव्हतं.

साळुंखे, ३०३: काकी, रस्त्यात विचारणाऱ्यांत मीही होतो. माफ करा.

माने काकी, १०१: तुम्ही दोनदा विचारलंत 😄 जाऊ द्या.

शिंदे आबा, ००३: (नातू टाईप करतोय, आबा सांगतायत.) माझी मुंबई लालबागची, १९७१ पासून. गावकीची खोली होती. गावातल्या मिलवाल्यांची मिळून एक खोली, पटावर २८ नावं. झोपायचं पाळीनं. एक दिवसपाळीला गेला की रातपाळीवाल्याने त्याच्या जागेवर वळकटी टाकायची. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खिळा. त्या ओंकारला सांगा, आम्हाला खिळा तरी होता. खिळा ज्याचा त्याचा, दुसऱ्याने सदरा अडकवला की भांडण. रविवारी सगळेच खोलीत, मग निम्मे गॅलरीत नाहीतर रस्त्यावर. जेवण खानावळीला, बाई आपल्याकडचीच. पगार झाला की तिचे पैसे आधी, मग गावाला मनीऑर्डर.

लग्न झालं, पोरं झाली, तरी मंडळी गावालाच. खोलीत बाईमाणूस कुठं ठेवणार? मी म्हणायचो, थोडे दिवस आहेत, जमीन सोडवली की येतो. अशी अकरा वर्षं.

मग १८ जानेवारी ८२. डॉक्टर सामंतांचा संप. अडीच लाख माणूस बाहेर. दोन-तीन महिने बसून खाल्लं, खानावळवालीचं थकलं. म्हटलं तात्पुरतं गावी जाऊ, संप मिटला की परत. ट्रंक नेली नाही. खिळ्याला सदरा तसाच होता.

ओंकार, ४०१: मग आबा? ट्रंक आणली कधी?

शिंदे आबा, ००३: (आबा झोपायला गेले. - नातू)

सेक्रेटरी, १०४: सकाळचे ७ वाजले. पाणी बंद केलं आहे. कासचं पाणी काही पळून जात नाही, चार तास धीर धरा.

सावंत वहिनी, २०४: कदम वहिनी, रात्री नणंदेशी बोलले. तिच्या ओळखीच्या एक बाई जोगेश्वरी पूर्वेला राहतात, एकट्या आहेत. दोन मुली ठेवतात, एक जागा रिकामी होतेय. ९ हजार, स्वयंपाकघर वापरायला मोकळं. त्यांनी 'किती दिवसांसाठी' विचारलं नाही, 'रात्री किती वाजता येते' विचारलं.

ओंकार, ४०१: मस्त आहे काकू! जोगेश्वरी ते अंधेरी एकच स्टेशन. अंधेरीहून घाटकोपरच्या मेट्रोने चकाला दुसरं स्टेशन. येताना फक्त विरार फास्टमध्ये चढू नको म्हणावं, ती जोगेश्वरीला थांबत नाही. आणि सकाळी भरून आलेल्या गाडीतून अंधेरीला उतरायचं म्हणजे कुस्तीच. साताऱ्याची पोरगी आहे, जमेल.

जोशी काका, २०२: पावती.

सावंत वहिनी, २०४: हो काका, पावती घेऊ. आणि एक, बाईंचा गॅस मुलींनी आळीपाळीने भरायचा असतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. सहा महिन्यांवाल्यांना तोच बरा.

साळुंखे, ३०३: मी परवा बोरिवलीला जातोय, गाडी रिकामी आहे. गादी, सामान काही असेल तर सांगा. आणि वहिनी, काल जरा जास्तच बोललो.

कदम वहिनी, ३०२: भाऊजी, गादी नक्की देते. ती स्वतः नंतर एसटीने जाईल, आता अर्धं तिकीट आहे म्हणून दर पंधरवड्याला घरी येणार म्हणतेय. बघू किती येते. जाताना त्या बाईंना कंदी पेढे देईन.

सगळ्यांचे आभार. लेकीला काल रात्रीच सगळं वाचून दाखवलं. तिचं एकच, सहा महिन्यांसाठी तवा कशाला न्यायचा, तिकडं घेईन साधासा.

माने काकी, १०१: माझाच न्या. खाली या न्यायला, तेल लावून ठेवलाय. परत आणायची घाई करू नका.

शिंदे आबा, ००३: (आबा उठले. म्हणतायत, ट्रंक आणायला गेलोच नाही कधी. आणि विचारतायत पाणी कधी येणार.)

सेक्रेटरी, १०४: आलं. पहिली बादली सोडून द्या, गढूळ आहे.