स्तनाचं रिकन्स्ट्रक्शन झालंय, ज्युदो पुन्हा सुरू करायचाय. कोणाला अनुभव?

ज्युदोवाली

सर्वांना नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढतेय.

वय 47. शाळेत असल्यापासून ज्युदो. लग्नानंतर स्पर्धा सुटल्या, मॅट नाही सुटली. क्रीडा संकुलात संध्याकाळची मुलामुलींची बॅच घेते. मागच्या वर्षी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. किमो झाली, रेडिएशन लागलं नाही. आधी एक्सपांडर (त्वचा ताणून जागा करणारी तात्पुरती पिशवी) बसवला, मग तो काढून छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनचं इम्प्लांट. त्यालाही आता सहा महिने होऊन गेले.

सर्जनना विचारलं, ज्युदो चालेल का. “हो हो, सगळं करा,” म्हणाले. ज्युदो म्हणजे त्यांना प्राणायामाचा भाऊबंद वाटला असावा. मग मोबाइलवर ताई-ओतोशी या थ्रोचा (समोरच्याला उचलून आपटण्याचा) व्हिडिओ दाखवला, तर तिथल्या तिथे “तुम्ही बाजूला उभं राहून शिट्टी वाजवा” वर आले. मधलं काहीच नाही.

मला मधलंच हवंय. स्पर्धा खेळायच्या नाहीत. पण थ्रो दाखवायचा तर धरावं लागतं, पडून दाखवावं लागतं, आणि थोडी रांदोरी (जोडीदाराशी मोकळी सराव-लढत) केली नाही तर मला झोप येत नाही. प्रश्न साधे आहेत. सत्तर किलोचा मुलगा केसा-गातामे (जमिनीवर दाबून धरण्याचा डाव) लावून छातीवर बसला तर हे फुटतं का? फुटलं तर कळतं का? आणि घरच्यांच्या भाषेत, “आत प्लास्टिक आहे” म्हणून आयुष्यभर काचेच्या भांड्यासारखं राहायचं का?

मावळतीचा_वारा

ताई, मोठ्या आजारातून उठलात, देवाची कृपा. आता या वयात आदळआपट कशाला? सकाळी चालायला जा, ओंकार करा. जीव महत्त्वाचा.

गेदान_बराई

वरचे काका (काकाच असणार), त्यांनी विचारलंय ज्युदोचं, तुम्ही सांगताय ओंकार. असो.

ताई, मी ठाण्यात कराटे करते. माझी इम्प्लांट हौसेची, आजारपणाची नाहीत, त्यामुळे तुमच्याएवढं मला माहीत आहे असं म्हणणार नाही. पण ती बसवल्यानंतर बरीच वर्षं कुमिते (कराटेची लढत) खेळलेय आणि छातीवर भरपूर ग्याकू-झुकी (सरळ बुक्क्या) खाल्लेत, तेव्हा फुटण्याबद्दल बोलू शकते.

बुक्की लागली आणि फुगा फुटला, असं होत नाही. आतलं जेल घट्ट असतं आणि शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचं एक आवरण तयार करतं. गाडीच्या अपघातात सीटबेल्टच्या दाबाने फुटल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे अशक्य नाही. मात्र नेहमीच्या सरावात खरी कटकट वेगळीच असते: रक्त साकळणं, इम्प्लांट जागेवरून सरकणं, टाक्यांच्या रेषेवर घासणं.

“कळतं का?” हा तुमचा प्रश्न मात्र एकदम बरोबर. सलाइनचं असेल तर काही दिवसांत बसतं, आरशात दिसतं. सिलिकॉनचं फुटलं तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही, जेल त्या आवरणातच राहतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) सल्ला असा आहे, की त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी एकदा एमआरआय किंवा सोनोग्राफी करा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. आपल्याकडे हे कोणी आपणहून सांगत नाही, डिस्चार्जच्या कागदात चुकूनमाकून असतं. इम्प्लांटचं कार्ड मिळालं असेल तर फोटो काढून ठेवा. बाहेरून गुळगुळीत की खरखरीत, तेही त्यावर असतं. खरखरीतपैकी बायोसेल प्रकारची इम्प्लांट अ‍ॅलर्गन या कंपनीने जुलै 2019 मध्ये जगभरातून मागे घेतली होती, एका दुर्मीळ लिंफोमामुळे (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरमुळे). घाबरवत नाहीये. पण वर्षांनंतर एका बाजूला अचानक सूज आली तर “मार लागला असेल” म्हणून सोडून द्यायचं नाही, एवढ्यासाठी सांगितलं.

चेस्ट गार्ड आमच्याकडे मुलींना सक्तीचा, वर्ल्ड कराटे फेडरेशनचाच नियम आहे. तो विकत घेताना घालून, वाकून, हात वर करून बघावा लागतो. माझ्या पहिल्या गार्डची कड बरोबर इम्प्लांटच्या खालच्या बाजूला रुतायची. बुक्की परवडली, ती कड नको.

आणि ज्यांना “असल्या बायकांनी लढावं का” असा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी: एप्रिल 2017, अमेरिकेतलं बफेलो, यूएफसी 210 (मिश्र मार्शल आर्ट्सच्या व्यावसायिक लढती). पर्ल गोन्झालेझ या लढवय्यीला वजनाच्या दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा कमिशनने इम्प्लांटमुळे अडवलं, मग त्याच दिवशी परवानगी दिली. लढली, तिसऱ्या राउंडला गळा आवळला गेला आणि हरली. इम्प्लांटचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

फिजिओ_कोथरूड

गेदान_बराई यांना अनुमोदन, पण एक मोठा फरक आहे. त्यांच्या छातीला संवेदना आहे, ज्युदोवालींच्या डाव्या बाजूला बहुधा फारशी नाही. पूर्ण स्तन काढताना त्वचेकडे जाणाऱ्या नसा तुटतात. मला सगळ्यात जास्त काळजी या बधिरपणाची वाटते, फुटण्याची नाही.

सरावात आपण शरीरावर विसंबतो, दुखलं की थांबतो. इथे दुखणारच नाही. समोरच्याची मूठ गीच्या (ज्युदोच्या जाड पोशाखाच्या) कॉलरसकट छातीवर रुतून बसली असेल आणि तुम्ही मजेत ग्रिप फायटिंग (पकडीसाठीची झटापट) करत असाल. म्हणून सरावानंतर घरी आरशासमोर उभं राहायचं, दोन्ही बाजू बघायच्या, हाताच्या मागच्या बाजूने तापमान बघायचं. निळं, लाल, गरम, एका बाजूला फुगीर, आकार बदललेला: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. आणि कृपा करून शेक नको! मुका मार म्हटलं की आपल्या घरात पहिली हॉट वॉटर बॅग निघते. बधिर त्वचेवर ती ठेवून भाजून घेतलेल्या बायका मी स्वतः पाहिल्यात, फोड येईपर्यंत पत्ता नसतो. बर्फाचंही तेच, थेट लावायचा नाही.

दुसरं, इम्प्लांट स्नायूखाली आहे. जोर लावून ओढलंत की छातीचा स्नायू आवळतो आणि इम्प्लांट वर किंवा बाहेर सरकल्यासारखं दिसतं. दिसायला विचित्र, पण तेवढ्याने बिघडत नाही. रुंद हातांचे जोर आणि डिप्स मी माझ्या पेशंटना शेवटी देते, आधी पाठ आणि खांद्याची पाती.

काखेतल्या गाठी काढल्यात म्हणजे त्या हाताला सूज येऊ शकते. “वजन उचलू नका” हे जुनं झालं. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने हाताची सूज वाढली नव्हती. तुमच्या बाबतीत जपायचं ते खरचटणं. मॅटवर कोपर घासलं, गीने बोटं सोलली तर लगेच धुवा, औषध लावा. त्या हातात जंतुसंसर्ग लवकर पसरतो.

आता एक प्रश्न. रोजची गोळी कोणती चालू आहे?

ज्युदोवाली

लेट्रोझोल. का?

बधिरपणाचं शंभर टक्के खरं. परवा ब्लाउजची सेफ्टी पिन टोचून आत गेलेली, लेकीने रक्त पाहिलं तेव्हा कळलं.

फिजिओ_कोथरूड

हीच भीती होती. ताई, लेट्रोझोलने हाडं विरळ होतात. मनगट, खुबा, मणका. तुमचा खेळ पडण्याचा. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केलाय का? नसेल तर तो आधी, मॅट नंतर. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमचं ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. इम्प्लांटचं सगळे विचारतात, हाडांचं कोणी काढतच नाही.

ज्युदोवाली

डेक्सा केलेला नाही. सोमवारी ऑन्कॉलॉजिस्टकडे नंबर आहे, लिहूनच नेते.

गार्डबद्दल धन्यवाद, पण आमच्यात तो चालत नाही. ज्युदोत कडक काहीही घालायला बंदी, समोरच्याला लागतं म्हणून. क्लबातही मी तेच पाळणार, मुलांना एक नियम आणि मॅडमना दुसरा असं नको. आत घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि रॅशगार्ड, त्यावर गी.

रिपोर्ट नीट आला तर असं ठरवतेय. मागे आणि बाजूला पडून दाखवणं चालू, पुढे तोंडावर पडणं नाही. सेओई-नागे (पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकणं) मी मारणार, कोणाला माझ्यावर मारू देणार नाही, कारण त्यात माझीच छाती त्याच्या पाठीवर जाऊन आदळते. जमिनीवरच्या होल्डमध्ये वरची बाजू माझी. खाली राहून दाखवायचं असेल तर माझ्या थोरल्या विद्यार्थिनीबरोबरच, आणि वीस सेकंदांची वाट न बघता मी टॅप करणार (हात आपटून “सोड” म्हणणार). दुखत नसलं तरी टॅप करायचं ही सवय लावायला वेळ लागेल. इतकी वर्षं उलटंच शिकले आणि शिकवलं.

एकच अडलंय. मुलांना सांगू कसं? मोठ्या बॅचमध्ये अठरा-वीसचे मुलगे आहेत. कॅन्सर त्यांना माहीत आहे, डबे घेऊन दवाखान्यात आले होते. पण “डावी कॉलर धरू नका” म्हटलं की का, हे विचारणारच.

गेदान_बराई

का ते सांगायचंच नाही. तुम्ही मॅडम आहात ना? “माझ्याशी खेळताना उजवी कॉलर आणि बाही, बास.” मुलगे मुकाट्याने ऐकतात. मी सेन्सेईंना (आमच्या गुरूंना) सांगितलंय आणि एका मैत्रिणीला, कधी बेशुद्ध पडले तर डॉक्टरला सांगायला कोणीतरी हवं म्हणून. बाकी डोजोला माझ्या छातीचा इतिहास कशाला?

मावळतीचा_वारा

काका नाही, काकू आहे. नातीला तुमच्यासारख्याच एका बाईंकडे ज्युदोला घातलंय. त्या उचलून आपटतात तेव्हा मला बघवत नाही, म्हणून तसं लिहिलं. डेक्सा मात्र कराच, माझं मनगट बाथरूममध्ये साधं घसरून मोडलं होतं.

ज्युदोवाली

काकू, नातीला आधी पडायला शिकवतायत ना, तेवढं बघा. बाकी बघायचं नसेल तर बाहेर बाकावर बसा, आमच्याकडेही सगळ्या आज्या तिथेच बसतात.