'कॅनन'ला मराठीत काय म्हणता?

तांबडा_सदरा: मंडळी, अडलोय. मित्राची स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळ-मालिकेवरची फॅनफिल्म, म्हणजे चाहत्याने हौसेने केलेली फिल्म, येतेय, १५ मिनिटांची. त्याहून मोठी करायची सोय नाही, २०१६ साली मालक कंपन्यांनी चाहत्यांना नियम घालून दिले, एक भाग १५ मिनिटं, दोन जोडले तरी अर्धा तास, वर्गणी ५०,००० डॉलरच्या वर नको आणि नावात 'स्टार ट्रेक' नको. तर तिची मराठी माहिती मी लिहितोय आणि 'ही गोष्ट कॅनन नाही', म्हणजे मूळ कथेचा खराखुरा भाग धरायची नाही, इथे गाडी अडलीय. 'प्रमाण नाही' लिहिलं तर बायको म्हणाली, कसलं प्रमाण, मिठाचं? भाषांतराच्या ऍपला विचारलं तर 'ही गोष्ट तोफ नाही'!!

खडूस_मुद्रितशोधक: 'प्रमाण'च बरोबर. श्रुती प्रमाण, ग्रंथ प्रमाण, हे काय आज म्हणतोय का आपण. 'अधिकृत' मात्र घालू नका, ट्रेकच्या कादंबऱ्या रीतसर परवान्याने छापलेल्या आहेत, म्हणजे अधिकृतच, तरी कॅननमध्ये धरत नाहीत.

पोफळी: आमच्याकडे याला शब्द आहे की. आजोबा पारायणाला बसले की एखाद्या ओवीवर बोट ठेवून म्हणायचे, "ही क्षेपक हो." नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. मूळ ते 'संहिता', चाहत्यांनी लिहिलं ते 'क्षेपक'. झालं काम.

तांबडा_सदरा: ताई, शब्द झकास आहे पण क्षेपकवाला गुपचूप घुसवतो ना, मूळ म्हणून खपवतो. फॅनफिल्मवाला पहिल्याच पाटीवर सांगतो की बाबांनो हे माझं आहे. त्याला क्षेपक म्हटलं तर तो रडेल.

घारू: आणि घुसलेलं आत जिरतंही. ट्रेकमधला कॅप्टन जेम्स टी. कर्क, त्याच्या नावातल्या 'टी'चं टायबेरियस झालं ते ट्रेकच्या कार्टूनमध्ये, त्याच्या यानावरच्या सुलूला 'हिकारू' हे नाव मिळालं १९८१च्या कादंबरीत, आणि १९९१च्या सहाव्या सिनेमात दोन्ही पडद्यावर आली. आता कोण म्हणेल क्षेपक? उलट गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही आपली लाडकी गोष्ट पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली.

खडूस_मुद्रितशोधक: घारू, गल्लत करताय. कादंबरी परवान्याची होती, चाहत्याची नव्हे.

घारू: पण कॅननबाहेरची होती ना? मग झालं तर.

बोरूबहाद्दर: एवढं कशाला, शब्द घरातच पडलाय. कानू! ग्रीक 'कानोन' म्हणजे मोजायची काठी, नियम, त्याचं अरबीत कानून, ते फारसीतून आपल्याकडे. शिवकाळात अष्टप्रधानांनी काय काय करायचं ते ठरवणारा कागद 'कानूजाबता'च की. गंमत म्हणजे तोफवालं कॅननही शेवटी बोरूच्या पोकळ नळीपाशीच जातं, म्हणजे ऍप अगदीच येडं नाही 😄

खडूस_मुद्रितशोधक: व्युत्पत्ती जुळली म्हणून वापर जुळत नाही. 'टायबेरियस कानूत आहे' असं म्हणून दाखवा कुणाला तरी. आणि 'प्रमाण' असताना फारसी कशाला?

पोफळी: 'गल्लत' तुम्हीच लिहिलंत हो वर, ते कुठलं?

चिवडा_कमी_तिखट: आमच्या ग्रुपवर सगळे सरळ 'कॅनन नाहीये' म्हणतात, कुणाचं काही अडत नाही. आपल्या मनाने धरून चाललो तर 'हेडकॅनन'. माझ्या हेडकॅननमध्ये ट्रेकमधला स्पॉक वरणभातावर लिंबू पिळून खातो, तो व्हल्कन ग्रहावरचा आणि व्हल्कन शाकाहारी असतात त्यामुळे विरोधही करता येत नाही. हे 'मनःप्रमाण' म्हणून सांगू?

खडूस_मुद्रितशोधक: सांगा, काय बिघडलं?

तांबडा_सदरा: अहो मजकूर उद्या द्यायचाय. 'मूळ मालिकेच्या कथेत ही धरू नये' असं लांबलचक लिहितोय सध्या.

चिवडा_कमी_तिखट: नरोटी म्हणजे पण काय?

पोफळी: करवंटी गं.

बोरूबहाद्दर: आमच्या मालवणात करटी.

घारू: गोव्यात कट्टी. पण माझी आजी खोबरं खरवडून झाल्यावर उरते तिलाच करवंटी म्हणायची, आत खोबरं असेल तर नुसती वाटी.

पोफळी: मग नाथांच्या ताटातली रिकामी होती की खोबऱ्यासकट?