क्लीन वॉटर ॲक्टला ५० वर्षं झाली, मग डे मॉइनच्या पाण्यात एवढं नायट्रेट कसं?

सायली_आयोवा
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही हल्लीच आयोवा राज्यातल्या डे मॉइनला आलोय, बाळ तान्हं आहे आणि वरचं दूध चालू आहे. शेजारच्या आजी सांगत होत्या की २०२५ च्या जूनमधे इथे लॉनला पाणी घालायला बंदी होती. मला वाटलं दुष्काळ असेल, तर नाही, नद्यांना पाणी भरपूर होतं पण त्यात नायट्रेट इतकं वाढलेलं की ते काढायची यंत्रणा पुरी पडेना, म्हणून लोकांना पाणी कमी वापरा म्हणून सांगितलं. आम्ही कॉलेजला शिकलो ते असं की ओहायोतली नदी पेटली, १९७० ला ईपीए (सरकारची पर्यावरण संस्था) आली, १९७२ ला क्लीन वॉटर ॲक्ट आला आणि अमेरिकेतल्या नद्या सुधारल्या. मग हे काय आहे? कुठला पक्ष चांगला कुठला वाईट यात मला पडायचं नाहीये, कायद्यात नेमकी फट कुठे राहिली ते कोणी सांगेल का? आणि बाळासाठी पाणी उकळून घेतलं की झालं ना?

काठावरचा
आधी शेवटचं, कारण ते महत्त्वाचं. उकळू नका! उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. साध्या कोळशाच्या फिल्टरच्या जारनेही जात नाही, आरओ लागतो. नळाच्या पाण्याला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती ठरवली तीच तान्ह्या बाळांसाठी, त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. डे मॉइनचं वॉटर वर्क्स (शहराला पाणी पुरवणारी संस्था) रोज तपासतं आणि बंदीच्या काळातही ती सगळी धडपड पाणी मर्यादेच्या आत ठेवायचीच होती, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता कायदा. १९७२ च्या कायद्याने पकडला तो पाइप. कारखाना असो की गावाचं सांडपाणी, नदीत पाइप सोडायचा तर परमिट हवं, त्यात काय किती सोडायचं ते लिहिलेलं, मोडलं तर दंड. यातून खरंच प्रचंड काम झालं. पण शेतातून वाहून येणारं पाणी त्या परमिटमधे धरलंच नाही, ते राज्यांनी आपापलं बघावं असं झालं, आणि १९८७ च्या दुरुस्तीत शेतातलं पावसाचं पाणी स्पष्ट शब्दात वगळलं. आता आयोवाची जमीन बघा. मूळची पाणथळ, म्हणून शेतांखाली भोकं पाडलेल्या पाइपांचं जाळं घातलंय, पावसाळी पाणी झिरपून त्यात येतं आणि मक्याला घातलेल्या खतातलं नायट्रेट घेऊन ओढ्यात, तिथून रॅकून आणि डे मॉइन नदीत. म्हणजे डोळ्यांना पाइप दिसतो पण कायद्याच्या भाषेत तो पाइप नाही. डे मॉइन वॉटर वर्क्सने २०१५ ला वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांमधल्या (म्हणजे जिल्ह्यांमधल्या) ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर, म्हणजे शेतांखालच्या पाण्याचा निचरा बघणाऱ्या संस्थांवर, केस केली होती, हाच पाइपचा मुद्दा घेऊन. २०१७ ला ती फेटाळली गेली, आणि पाइपचा मुद्दा खरा की खोटा इथपर्यंत प्रकरण पोचलंच नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

रानवारा
धागा चांगला आहे. नदी पेटण्याबद्दल थोडं, कारण ते सगळीकडे अर्धवटच सांगतात. ओहायोतल्या क्लीव्हलंडची कायाहोगा नदी २२ जून १९६९ ला पेटली ती काही पहिल्यांदा नाही, त्याआधी बऱ्याच वेळा पेटलेली, १९५२ ची आग तर कितीतरी मोठी होती. आणि ६९ ची आग इतक्या लवकर विझली की तिचा फोटोही कोणाला मिळाला नाही, टाइम मासिकात छापला तो १९५२ चा. तरी ६९ च्याच आगीने देश हलला, कारण त्याच वर्षी जानेवारीत सांता बार्बराला समुद्रात तेल सांडलं होतं आणि लोक आधीच चिडलेले होते. २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला सुमारे २ कोटी लोक बाहेर पडले. त्याच वर्षी हवेच्या प्रदूषणाचा कायदा सिनेटमधे ७३ विरुद्ध ० मतांनी पास झाला! ईपीए काढणाऱ्या राष्ट्राध्यक्ष निक्सनने पाण्याच्या कायद्यावर मात्र खर्च फार म्हणून नकाराधिकार वापरला, तर दोन्ही पक्षांनी मिळून तो मोडून काढला. सायली, पक्षाचं नको म्हणालात ते समजतं, पण आज तसं एकमत होत नाही आणि म्हणून ही फट बुजत नाही, हे सोडून उत्तर पुरं होत नाही. २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या सॅकेट निकालाने तर बऱ्याचशा पाणथळ जागांचं संरक्षणही गेलं, आणि नायट्रेट शोषून घ्यायचं काम त्याच जागा करतात.

मातीमोल
मी याच भागात शेतीच्या क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितोय. शेतकऱ्याला खलनायक करू नका प्लीज. मका, सोयाबीन, मका, सोयाबीन हे चक्र बँक, विमा आणि बाजार मिळून ठरवतात, खत थोडं कमी पडलं आणि उतारा घटला तर भुर्दंड त्यालाच, म्हणून हात सैल सुटतो. उपाय माहीत आहेत. पीक निघाल्यावर राय (गव्हासारखं एक धान्य) पेरून जमीन झाकलेली ठेवणं, ओढ्याकाठी गवताचे पट्टे, पाइपच्या तोंडाशी लाकडाच्या तुकड्यांचा खड्डा ज्यात जंतू नायट्रेट खाऊन टाकतात. पण आयोवाने २०१३ ला जी योजना आणली, नायट्रोजन आणि फॉस्फरस ४५ टक्के कमी करायची, ती पूर्ण ऐच्छिक आहे, कोणावर सक्ती नाही. ऐच्छिक ठेवून हे होणार नाही असं माझं इतक्या वर्षांनंतरचं स्पष्ट मत आहे, आणि हे मी शेतकऱ्यांच्या बाजूचा असून म्हणतोय. डुकरांचं तर वेगळंच, राज्यात माणसं ३२ लाख आणि डुकरं २ कोटींच्या वर, त्यांची विष्ठा जाते शेतातच. हे सगळं पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं, तिथे दर उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन इतका कमी होतो की मासळी पळते नाहीतर मरते. २०१७ ला तो पट्टा साधारण २२,७०० चौरस किमी होता, गोव्याच्या सहापट.

अनुराधा_व
यात आपल्याशी जोडलेली एक गोष्ट आहे जी मला नेहमी अस्वस्थ करते. डिसेंबर १९८४ ला भोपाळ झालं, ऑगस्ट १९८५ ला त्याच युनियन कार्बाइड कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातून गळती झाली आणि शंभरावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं, मग १९८६ ला अमेरिकेने कायदा केला की कारखान्याने कुठलं विषारी रसायन किती सोडलं ते दरवर्षी जाहीर करायचं. ती यादी आज कोणीही बघू शकतं. त्यात नायट्रेटही आहे, मांस कारखान्यांनी नदीत सोडलेलं दिसतं, शेतातून गेलेलं दिसत नाही. भोपाळच्या लोकांनी जी किंमत मोजली त्यातून तिकडच्या माणसाला निदान माहितीचा हक्क मिळाला, पण तोही शेताच्या बांधापाशी थांबतो.

सायली_आयोवा
सगळ्यांचे मनापासून आभार. उकळण्याचं लगेच बंद केलं, आरओ बघतोय. माझी एक मैत्रीण गावाबाहेर राहते, तिच्याकडे विहिरीचं पाणी आहे, तिला कोण तपासून देतं?

काठावरचा
कोणी आपणहून येत नाही. १९७४ चा पिण्याच्या पाण्याचा कायदा खाजगी विहिरींना लागूच नाही, त्या मालकाच्या जबाबदारीवर. पण आयोवात काउंटीच्या आरोग्य खात्याकडे खाजगी विहिरीसाठी फुकट टेस्टची सोय असते, तिला फोन करायला सांगा. आणि एकदा करून थांबू नका म्हणावं, वसंतात पाऊस झाल्यावर परत करा, तेव्हाचा आकडा वेगळा येऊ शकतो.