मदत हवी आहे: तलवारीला जोडलेलं पिस्तूल लढाईत चालेल का?

नमस्कार मंडळी. काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहितेय. नायिकेच्या हातात तलवार आणि पिस्तूल एकत्र असलेलं शस्त्र दिलंय आणि तिथेच अडकलेय.

असं शस्त्र खरंच होतं. अमेरिकेत जॉर्ज एल्गिनने १८३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तिथल्या नौदलाने आपला अधिकारी चार्ल्स विल्क्स याच्या समुद्रमोहिमेसाठी १५० नग घेतले. नळीखाली रुंद पातं, बार मात्र एकच. तो उडाला की हातात उरतं नळीच्या वजनाने अवघडलेलं पातं.

दोन हातांची खरी लांब तलवारसुद्धा साधारण दीड किलोचीच असते. म्हणून नळीचं जादा वजन हाताला कसं लागेल ते बघायला काठीच्या टोकाला किलोभर वाळूची पिशवी बांधून फिरवून पाहिली. पहिला वार बरा गेला, पण काठी थांबवून उलटी आणताना मनगट वळेचना. तेवढ्यात समोरच्याने दोन वार केले असते!

दांडपट्टा किंवा मर्दानी खेळ शिकलेल्यांनी कृपया सांगा: नळी आखूड करून मुठीलगत ठेवली तर तोल साधेल का? वार अडवताना बसणाऱ्या हादऱ्याने चाप आणि घोडा टिकतील का? आणि एकच गोळी असेल तर ती सुरुवातीलाच झाडावी, की अगदी अंगाला भिडल्यावर? हा प्रसंग मला खरा वाटेल असाच लिहायचाय.