मदत हवी आहे: आर्डमोरच्या पडक्या कॅथेड्रलला कोणत्या वेळी जावं?

मंडळी, पुढच्या महिन्यात आई माझ्याकडे आयर्लंडमधल्या कॉर्कला येतेय. तिला वॉटरफर्ड काउंटीतलं आर्डमोर दाखवायचंय. समुद्रावर नजर ठेवून असलेला सेंट डेक्लनचा मठ, 12व्या शतकातला गोल मनोरा (जवळजवळ 30 मीटर उंच!) आणि छप्पर गेलेलं कॅथेड्रल.

मागच्या खेपेला मी सकाळी गेले आणि फसले. पश्चिमेच्या भिंतीवरचं कोरीवकाम सगळं सावलीत. त्यात खाऱ्या वाऱ्यापावसाने चेहरे पार गुळगुळीत झालेत, आपल्याकडच्या देवळाबाहेरच्या वीरगळांसारखे. आदम, ईव्ह आणि त्यांच्यामधलं झाड तेवढं ओळखलं. सॉलोमनचा न्यायही (बायबलमधला राजा एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन बायकांचा निवाडा करतो, तो प्रसंग) त्याच भिंतीवर आहे म्हणे, मला काही सापडला नाही. नेमका कुठे बघायचा? उन्हं उतरताना गेलं तर उठाव नीट दिसेल का?

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे कड्यावरची 4 किमीची फेरी रद्द. पण डेक्लनच्या विहिरीपर्यंतचा चढ तिला झेपेल का? कॅथेड्रलच्या आतल्या ओघम (जुनी आयरिश लिपी) शिळांपाशी मात्र ती रमणार. दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहिलेली अक्षरं म्हटल्यावर तासभर हलायची नाही.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा. संध्याकाळचे फोटो असतील तर तेही टाका.