अ‍ॅलेगेनीच्या दाट रानात हरीण शोधायचं कुठे?

प्रेषक: पिट्सबर्गकर
विषय: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथेच डिलीट करावा, राग नाही. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स झाला, परवाना काढला, नारिंगी जाकीट-टोपी आणली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफल सीझन उघडतो, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेगेनी नॅशनल फॉरेस्टात जायचं मनात आहे. उन्हाळ्यात तिकडे फिरून आलो. नकाशावर सगळं हिरवं, आणि आत शिरलं की वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. ऑफिसातले शिकारी मक्याच्या शेताच्या कडेला माळ्यावर बसतात, त्यांचे सल्ले इथे लागू पडत नाहीत. शेतच नाही तर हरीण यायचं कुठे, आणि मी बसायचं कुठे?

— पिट्सबर्गकर


प्रेषक: एरीकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

पिट्सबर्गकर,

खासगीत लिहिणार होतो, पण आणखी दोघातिघांनी हेच विचारलंय, म्हणून इथेच.

पाच लाख एकरांच्या वरचं रान आहे ते. आपल्याला सगळीकडे सारखं वाटतं, हरणाला वाटत नाही. उंच ब्लॅक चेरी आणि मेपल, खाली गुडघाभर नेचं (फर्न), असा भाग दिसायला देखणा, पण हरणाच्या दृष्टीने रिकामं ताट. नेच्याला ते सहसा तोंड लावत नाही. त्याला खायला मिळतं ते ऊन जमिनीवर पोचतं तिथे. म्हणून आधी तोड झालेले पट्टे शोधा. पाच-दहा वर्षांपूर्वी तोडलेल्या पट्ट्यात ब्लॅकबेरीची जाळी, पिन चेरीचे फुटवे, माणूस आडवा होऊन शिरेल असला गचपणा असतो. खाणं आणि लपण एकाच ठिकाणी. उपग्रहाच्या फोटोत हे पट्टे वेगळ्या पोताचे दिसतात, कडा सरळ असतात. आत शिरू नका. जुनं रान आणि तो पट्टा जिथे भिडतात त्या कडेने चाला आणि आतबाहेर जाणाऱ्या वाटा बघा.

दुसरं, तेलवाल्यांचे रस्ते. १८५९ साली टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली ती इथून फार लांब नाही. या राष्ट्रीय जंगलातही जमिनीखालचे हक्क बहुतांशी खासगी आहेत, त्यामुळे ठिकठिकाणी विहिरी, पाइपलाइनी आणि त्यांचे गवत उगवलेले पट्टे. त्या गवतावर हरणं पहाटे-संध्याकाळी चरतात. पहिल्या दिवशी मात्र तिथे शिकारीही दर फर्लांगावर उभा असतो. म्हणून पट्ट्यावर बसू नका. पट्ट्यावरून रानात जाणारी वाट धरून शंभर-दीडशे यार्ड आत बसा.

तिसरं, झाडाखाली काय पडलंय ते बघा. बीच नावाच्या झाडाच्या तिकोनी बिया पडल्या असतील त्या वर्षी हरणं बीचखाली पाचोळा उकरून ठेवतात, ते लगेच कळतं. अ‍ॅलेगेनी नदीच्या उतारांवर ओक आहे. पांढऱ्या ओकचे एकॉर्न (ओकची फळं) कमी तुरट, ते आधी संपतात. लाल ओकचे तुरट, ते थंडीपर्यंत शिल्लक राहतात, म्हणजे आपल्या सीझनला तेच कामाचे. कुठल्या वर्षी काय फळलंय हे सप्टेंबर-ऑक्टोबरात पायी फिरूनच कळतं, त्याला अ‍ॅप नाही.

आता डोंगराचा आकार. दोन टेकड्यांमधली खिंड, उतारावर मध्येच आलेला सपाट टप्पा, ओढ्याचं टोक, ही जनावराची ये-जा करायची ठिकाणं. कष्ट वाचवायचे हा हिशोब हरीणही करतं. नर बहुधा धारेच्या थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाला बसतो. वरून येणारा वारा पाठीमागचा वास आणून देतो आणि खालचा उतार त्याच्या डोळ्यांसमोर असतो. म्हणजे खालून चढत गेलात तर तुम्ही त्याला आधी दिसणार. बर्फात बसकण सापडली तर वाकून नीट बघा: अंगाच्या उबेनं बर्फ वितळून पुन्हा गोठलेला गुळगुळीत लंबगोल असतो, त्यात करडे, पोकळ केस अडकलेले असतात. ताजी असेल तर कडा अजून ओलसर लागते.

वाऱ्याचं नुसतं हवामानखात्यावर सोडू नका. ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, दुपार कलली की थंड होऊन ओढ्याकडे उतरते. सकाळची जागा संध्याकाळी चालत नाही ती यामुळे. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, फुर्रकन उडवा, कुठे जाते ते बघा.

पद्धतीबद्दल रात्री लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

— एरीकर


प्रेषक: मनरोव्हिलकर ताई
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

सर्वांना नमस्कार,

मला स्पष्ट लिहू द्या. ही आपल्या मराठी मंडळाची ई-मेल लिस्ट आहे. दिवाळी फराळाच्या ऑर्डरींच्या शेजारी ‘जनावर कुठे बसतं’ वाचायला बरं वाटत नाही. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, चितळ-सांबराला हात लावला तर तुरुंग आहे. इथे येऊन आपण तेच हौस म्हणून करायचं का? आमच्या अंगणात रोज पाच-सहा येतात, माझी होस्टाची पानं खातात, तरी मला त्यांना मारावंसं वाटत नाही.

— मनरोव्हिलकर


प्रेषक: स्टेट कॉलेजकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

ताई, नमस्कार.

तुमचा आक्षेप मला मान्य होण्यासारखा आहे, म्हणजे हौसेपुरता. मी स्वतः शिकार करत नाही. पण तिकडचा कायदा इथे लावून चालणार नाही, कारण परिस्थिती उलटी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. गेम कमिशनची, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याची, स्थापना १८९५ची. १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली. तोवर लांडगा आणि प्यूमा नाहीसे झाले होते, जंगलं तोडून कोवळा पाला मुबलक झाला होता, आणि हरणं इतकी वाढली की जंगलाला नवं झाड उगवेनासं झालं. एरीकरकाका म्हणाले ते नेचं आठवा. ते हरणानं केलेलं आहे. बाकी सगळं खाऊन टाकलं, नेचं उरलं, आणि त्याच्या सावलीत आता बी रुजत नाही. अ‍ॅलेगेनीतच फॉरेस्ट सर्व्हिसनं कुंपणांत कमी-जास्त संख्येनं हरणं ठेवून दहा वर्षं प्रयोग केला होता. जिथे हरणं जास्त तिथे रोपांच्या जाती घटल्या आणि नेचं पसरलं. रस्त्याने जाताना आठ फुटी जाळीच्या आतलं रान आणि बाहेरचं रान बघा, तज्ज्ञ लागत नाही.

तुमच्या होस्टाला मात्र माझ्याकडे उपाय नाही.

— स्टेट कॉलेजकर


प्रेषक: लिस्ट सांभाळणारे
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

दोन्ही बाजू आल्या. चर्चा याच विषयाच्या धाग्यात राहू द्या आणि मेलेल्या जनावराचे फोटो जोडू नका. एवढंच.


प्रेषक: एरीकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

ताईंचा मान राखून, राहिलेलं लिहितो.

दाट रानात पहिल्या दिवशी बसून राहणं सगळ्यात फायद्याचं. बहुतेक लोक गाडीपासून फार आत जात नाहीत, आणि दहा-साडेदहाला पाय गारठले की कॉफीसाठी गाडीकडे निघतात. त्यांच्या चालण्यानं हरणं उठतात आणि पडलेल्या झाडांच्या पडझडीकडे, दलदलीकडे, हेमलॉकच्या सदाहरित झाडांच्या गर्दीकडे सरकतात. त्या वाटेवर तुम्ही दुपारपर्यंत गप्प बसलेले असलात की लोक फुकटात तुमचे हाकेवाले. डबा, थर्मास, बसायला जाड गादी न्या. झाडावरचा माळा लावणार असाल तर सुटा लावा, खिळे ठोकायचे नाहीत, आणि नुसता कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवर असल्यापासून बांधा.

पुढच्या दिवसांत चालत शिकार करायची. म्हणजे चालणं कमी आणि थांबणं जास्त. दोन-तीन पावलं, मग झाडाला टेकून मिनिट-दोन मिनिटं नुसतं बघणं. पूर्ण हरीण शोधू नका, ते दिसतच नाही. उभ्या खोडांच्या रानात आडवी रेघ दिसली की ती पाठ असू शकते. कानाची हालचाल, नाकाचा काळा ठिपका, एवढंच दिसतं. बीचची कोवळी झाडं हिवाळ्यातही फिकट तपकिरी पानं धरून ठेवतात, त्यांच्यामागे हरीण उभं असेल तर छातीच्या उंचीवरून काही कळत नाही. गुडघ्यावर बसा. खालच्या फांद्यांखालून पाय दिसतात. आणि दाट रानात दुर्बीण कशाला, असं लोक म्हणतात, त्यांचं ऐकू नका. जवळच्या काटक्यांमधून पलीकडे बघायला तीच लागते.

ताजा बर्फ पडला तर मागावर जा. खुरांचे ठसे सरळ आणि एकसारखे असतील तर जनावर कुठेतरी निघालंय. वेडेवाकडे, थांबत-थांबत गेलेले असतील तर ते चरतंय किंवा बसायला जागा बघतंय, तिथून पुढे अर्ध्या वेगाने.

हाकाही इथे चालतो, पण एका टोळीत पंचवीसच्या वर माणसं असली तर बेकायदा. कोकणातल्या डुकराच्या पारधीच्या गोष्टी ऐकून आलेल्यांना मी आधीच सांगतो: हाक्यात कोण कुठे उभा आहे हे माहीत नसेल तर जाऊच नका. सगळ्यांनी डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी, चारी बाजूंनी दिसेल असं. अ‍ॅलेगेनीच्या हद्दीत खासगी जमिनी आणि लाकडी कॅम्पही आहेत. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीनं शिकार नाही.

बंदुकीबद्दल फार विचारू नका, जुनी थर्टी-थर्टी रायफल पुरते. इथे पन्नास-साठ यार्डांचा प्रश्न असतो. जड गोळी झुडपातून सरळ जाते ही थाप आहे. काटकीला लागली की कुठलीही गोळी भरकटते. मोकळी फट मिळेपर्यंत थांबा, नाही मिळाली तर जाऊ द्या.

— एरीकर


प्रेषक: क्रॅनबेरीकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

मी एच-१बीवर आहे. मला हे सगळं करता येतं का? रूममेट म्हणतो बंदुकीला हात लावलास तर डिपोर्ट.

— क्रॅनबेरीकर


प्रेषक: एरीकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

रूममेट निम्मा बरोबर आहे. ग्रीनकार्डवाल्याला व्हिसाची ही अडचण नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्यानं बंदूकच काय, गोळ्या बाळगायलाही मनाई आहे. त्याला अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना. ‘चालू’ हा शब्द लक्षात ठेवा: पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. जुलैत कपाटात बंदूक आणि खिशात जुना परवाना, अशी वेळ येऊ देऊ नका. मी वकील नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. नाहीतर धनुष्यबाण किंवा क्रॉसबो घ्या, ते या कायद्यात बंदूक धरले जात नाहीत, आणि तो सीझन नोव्हेंबरच्या माजाच्या दिवसांत असतो, म्हणजे नर दिवसाढवळ्या फिरतात.

— एरीकर


प्रेषक: पिट्सबर्गकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

काका, मनापासून आभार. शेवटचं एक: लागलं तर बाहेर कसं काढायचं? आणि मटण मंडळाच्या संक्रांतीला आणलं तर?

— पिट्सबर्गकर


प्रेषक: एरीकर
विषय: उत्तर: रायफल सीझन, जागा आणि पद्धत

बाहेर काढायचा विचार गोळी झाडायच्या आधी करायचा. गाडी वर आणि तुम्ही खाली दरीत असाल तर दोन माणसं लागतात. बर्फ असेल तर प्लॅस्टिकची घसरगाडी, नसेल तर शिंगांना दोरी. गोळी लागल्यावर लगेच मागे धावू नका, अर्धा तास बसा. उठवलंत तर ते पडझडीत शिरतं आणि मग रक्ताचा थेंबथेंब शोधत रात्र होते. सापडलं की जागचं हलवण्याआधी कानाला टॅग. नर असेल तर आधी शिंगं मोजलेली हवीत: तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला अ‍ॅलेगेनीत एका बाजूला तीन टोकं लागतात, हा नियम २००२ पासूनचा. मादीचा परवाना वेगळा काढावा लागतो. दहा दिवसांत कमिशनला कळवायचं.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, राज्यात २०१२ ला सापडला. रोगाची क्षेत्रं आखलेली आहेत, त्यांच्या आतून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. नकाशा बदलत असतो, निघायच्या आदल्या आठवड्यात बघा.

संक्रांतीला आणू नका, ताई माझ्याशी तिळगूळ घेणार नाहीत. जास्तीचं मटण द्यायला ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ म्हणून कार्यक्रम आहे, १९९१ पासून चालतो, त्यांच्या यादीतल्या खाटकाकडे हरीण नेऊन दिलं की मटण फूड बँकेत जातं. थोडं घरी ठेवा, मागच्या पायाचं. चरबी सगळी काढा, ती मेणचट लागते. कोल्हापुरी मसाल्यात मंद आचेवर दोन तास.

— एरीकर